मलावी सरोवरातील सिक्लिडांसाठी चार फुटी टाकी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४ : सरोवराची निवड

आफ्रिकेतील सिक्लिड माशांसाठी घरी टाकी उभारायची, एवढे ठरवून भागत नाही. कोणत्या सरोवराचे मासे ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. दुकानांतून मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तिन्ही सरोवरांतील मासे ‘आफ्रिकन’ या एकाच नावाखाली आणि पुष्कळदा एकाच काचेत विकायला ठेवलेले असतात. परंतु या सरोवरांचे पाणी आणि तेथील माशांचा आहार व स्वभाव इतके निराळे आहेत की त्यांना एकत्र ठेवण्यात प्रत्येकाचीच थोडीफार गैरसोय होते. टांगानिकाच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच, ९ च्या आसपास आणि केएच, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटांचे मान, १६ अंशांच्या घरात आहे. मलावीचा सामू साधारण ७.८ ते ८.६, केएच ६ ते ८ अंश आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे मान दाखवणारा जीएच अवघा ४ ते ६ अंश आहे. म्हणजे मलावीचे पाणी समजले जाते तितके जड नाही. क्षार मध्यम, पण सामू सहजासहजी ढळू न देणारे असे ते पाणी आहे.

घरच्या नळाचे पाणी आज थेंबांच्या चाचणी-संचाने मोजले. खडकवासल्याकडून येणारे पुण्याचे पाणी सौम्य असते, आणि मोजणीतही केएच ३, जीएच ४ आणि सामू ७.४ निघाला. मलावीसाठी यातील फक्त केएच वाढवावा लागेल, जीएच जवळजवळ आहे तसाच चालेल. टांगानिकासाठी मात्र दर आठवड्याला बरीच रसायने घालून नवे पाणी घडवत बसावे लागले असते. निवड तेथेच झाली.

मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेले हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७०० मीटर खोल आहे. त्याच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या लहान, रंगीत आणि भांडखोर सिक्लिडांच्या गटाला म्बुना म्हणतात, आणि ही टाकी म्बुनांचीच असेल. सिक्लिड आपल्याकडे अगदीच परके नाहीत. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर हा आपल्या किनाऱ्याचा मूळ सिक्लिड आहे, आणि उजनीच्या जलाशयात जाळ्यात भरभरून येणारी चिलापी ही १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकन सिक्लिडच आहे. त्या जलाशयांची आजची अवस्था पाहता, या टाकीतील एकही मासा किंवा पिल्लू कधी नदी-नाल्यात जाणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो.

१३ जानेवारी २०२४ : आकार, वजन आणि जागा

टाकी ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २० इंच उंच अशी करायला सांगितली आहे. एकूण घनफळ सुमारे २८० लिटर होते, पण दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी २३० लिटरच्या आसपास राहील. म्बुनांना उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची असते, कारण प्रत्येक नर तळाच्या काही भागावर आपला हक्क सांगतो आणि हरलेल्या माशाला पळून जायला सरळ अंतर लागते. याच कारणासाठी २४ इंच उंच आणि १२ इंच रुंद अशी दिसायला भव्य टाकी सुचवली गेली असता ती नाकारली.

काच १२ मिलिमीटर जाडीची, कडा घासून घेतलेल्या, आणि वरच्या बाजूला मधोमध एक आडवी पट्टी. स्टँड चौकोनी लोखंडी पाइपांचा वेल्डिंग करून घेतला असून त्यावर जाड प्लाय आणि प्लायवर थर्माकोलचा थर येईल, म्हणजे पृष्ठभागातील बारीकसारीक उंचसखलपणामुळे तळाच्या काचेवर एका ठिकाणी ताण येणार नाही.

वजनाचा हिशेब लिहून ठेवणे गरजेचे वाटते, कारण फ्लॅटमध्ये मोठी टाकी ठेवणारे बहुतेक जण तो करत नाहीत. पाणी २३० किलो, दगड ५५, वाळू २५, काच ७० आणि स्टँड ४०, म्हणजे एकूण ४२० किलो. हे वजन अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर येते. आपल्याकडील मानकानुसार राहत्या घराची जमीन चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतक्या समान पसरलेल्या भारासाठी आखलेली असते. ही तुलना सरळसोट नाही, कारण खोलीचा बाकी भाग रिकामा असतो आणि भार स्लॅबमध्ये पसरतो. तरीही टाकी खोलीच्या मध्यापासून दूर, बीम असलेल्या भिंतीला लागून आणि बीमच्या दिशेनेच ठेवायची, हे इमारतीचा नकाशा पाहून आणि स्थापत्य अभियंत्याला विचारून नक्की केले. त्या भिंतीवर थेट ऊन येत नाही, हा जास्तीचा फायदा.

२१ जानेवारी २०२४ : दगड आणि वाळू

म्बुनांच्या टाकीत शोभेपेक्षा रचना महत्त्वाची, आणि रचना म्हणजे दगड. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पाण्यात काही सोडत नाही, टणक असतो आणि पुण्याच्या आसपास बांधकामासाठी सर्वत्र मिळतो. मात्र आपल्या बेसॉल्टमध्ये जुन्या वायूच्या पोकळ्या असून त्यांत झिओलाइट आणि कॅल्साइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. कॅल्साइटवर ॲसिडचा थेंब टाकला की तो फसफसतो. या टाकीला थोडे कॅल्साइट अपायकारक नाही, पण धारदार स्फटिकांवर अंग घासून मासे जखमी होऊ नयेत म्हणून असे दगड बाजूला काढले आणि गोलसर, घट्ट दगड तेवढे घेतले. कोकणचा जांभा दिसायला सुंदर असला तरी त्याचा भुगा पडतो, म्हणून तो विचारात घेतला नाही.

प्रवाळाचे तुकडे किंवा प्रवाळ-वाळू वापरण्याचा सल्ला आफ्रिकन टाक्यांच्या बाबतीत सर्रास दिला जातो. भारतात खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कुणी ‘किनाऱ्यावरून गोळा केलेले’ म्हणून देऊ केले तरी ते घेणार नाही. त्यांची गरजही नाही. तळासाठी पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती गारगोटीची धुतलेली वाळू आणली असून ती तीन सेंटिमीटर जाडीने पसरेल.

क्रम असा ठेवला आहे : आधी दगड, मग वाळू. मोठे दगड तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी ठेवून तिच्यावर बसवले आणि वाळू नंतर भोवती ओतली, कारण हे मासे तोंडाने वाळू उपसून खड्डे करतात आणि वाळूवर ठेवलेला दगड एके रात्री घसरून काचेवर आदळू शकतो. दगडांचे दोन ढीग केले असून मध्ये मोकळी पट्टी ठेवली आहे. प्रत्येक पोकळीला किमान दोन तोंडे असावीत, अशी रचना करण्यात आजचा बहुतेक दिवस गेला; एकच तोंड असलेल्या कपारीत दुबळा मासा कोंडला जातो.

२८ जानेवारी २०२४ : फिल्टर आणि पाणी

ताशी १४०० लिटर क्षमतेचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याचा, फिल्टर बसवला आहे. पेटीवरचा हा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्यावर व पाणी उंच चढवावे लागल्यावर प्रवाह बराच कमी होतो. म्हणून सोबत एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर ठेवले आहेत. वीज गेल्यावर बॅटरीवर चालवायला ते सोपे पडतात, हे त्यांच्या निवडीमागचे खरे कारण. हीटर ३०० वॉटचा असून २५ अंशांवर ठेवला आहे.

पाणी भरून क्लोरीन काढून टाकल्यावर केएच ३ वरून ८ वर न्यायचा होता. शंभर लिटर पाण्यात खाण्याचा सोडा सुमारे ३ ग्रॅम घातला की केएच एका अंशाने वाढतो, त्यामुळे २३० लिटरसाठी पाच अंशांना ३५ ग्रॅम सोडा लागला. तो बादलीत विरघळवून थोडा थोडा घातला आणि हवा खेळती ठेवली. दुसऱ्या दिवशी सामू ८.३ वर स्थिरावला. सामू वाढवण्यासाठी वेगळे काहीही घातले नाही व पुढेही घालणार नाही. केएच ठरवला की सामू आपोआप त्याच्या जागी येतो, आणि केएच न पाहता सामूच्या मागे धावले की आज वर, उद्या खाली असा खेळ सुरू होतो, जो माशांना कमी सामूपेक्षाही जास्त त्रासदायक असतो. ‘आफ्रिकन सॉल्ट’ म्हणून महागड्या पुड्या मिळतात. त्यांतील जीएच वाढवणाऱ्या एप्सम सॉल्टचे काम या टाकीत नाही, कारण नळाच्या पाण्याचा जीएच सरोवराइतकाच आहे.

कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात तो शिंपल्यांचा चुरा एका जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला आहे. तो फार मोठी कामगिरी करील असे नाही, कारण ८ च्या वरच्या सामूला कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ विरघळतच नाही. काही कारणाने सामू घसरला तरच तो विरघळू लागेल. सोडा हे रोजचे साधन आणि शिंपल्यांचा चुरा ही राखीव तजवीज.

३ फेब्रुवारी २०२४ : जिवाणूंची वाढ

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजेपर्यंत मासे आणायचे नाहीत. अल्कधर्मी टाकीत ही शिस्त अधिकच पाळावी लागते, कारण २६ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी मुक्त रूपात असतो, तर सामू ८.२ असताना हेच प्रमाण साधारण ९ टक्क्यांवर जाते. गप्पींच्या टाकीत खपून जाणारी मात्रा येथे मासे मारू शकते.

माशांऐवजी जिवाणूंना अमोनिया पुरवण्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो नवसागर म्हणजे हेच रसायन. पण बाजारातल्या नवसागराच्या शुद्धतेची खात्री नसल्यामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाचे घेतले. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया हवा असेल तर या टाकीसाठी सुमारे दीड ग्रॅम पुरते. जुन्या टाकीतील स्पंज पिळून निघालेले गढूळ पाणीही नव्या फिल्टरमध्ये ओतले, त्यामुळे सुरुवात रिकाम्या हाताने झालेली नाही.

१९ फेब्रुवारी २०२४

अमोनिया आता दोन दिवसांत शून्यावर येतो आहे, नायट्राइट मात्र चाचणीच्या सर्वांत गडद रंगावर अडकले आहे. हे अपेक्षितच आहे, कारण दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू हळू वाढतात. आज लक्ष होते ते केएचवर. अमोनियाचे नायट्रेट होताना अल्कता, म्हणजे केएच दाखवतो ती, खर्च होते. २ मिलिग्रॅमच्या प्रत्येक मात्रेमागे केएच सुमारे दोन-तृतीयांश अंशाने उतरतो. आठवरून तो साडेपाचवर आलेला आढळला, म्हणजे हिशेब आणि मोजणी जुळते. नळाचे पाणी तसेच, केएच ३ वर ठेवून हे काम सुरू केले असते तर एव्हाना तो जवळजवळ संपला असता, सामू कोसळला असता आणि जिवाणूंची वाढ थांबली असती. पुण्यातील अनेक टाक्या महिनोन्महिने ‘बसत नाहीत’ त्याचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते. सोडा घालून केएच पुन्हा ८ केला.

९ मार्च २०२४

संध्याकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शून्य आणि नायट्राइटही शून्य. साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी बहुतेक पाणी बदलले. दगडांवर तपकिरी शेवाळ दिसू लागले आहे. ते पुसणार नाही.

१६ मार्च २०२४ : मासे

तीन जाती निश्चित केल्या होत्या. पहिली यलो लॅब, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. सरोवरात या जातीच्या बहुतेक वस्त्या पांढरट असून हा गर्द पिवळा रंग पश्चिम किनाऱ्यावरील लायन्स कोव्हच्या परिसरातला आहे. दुसरी रस्टी, म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेंगरी, सरोवराच्या दक्षिण भागातील बोआड्झुलूसारख्या बेटांभोवती राहणारी, गंजासारख्या तपकिरी रंगावर जांभळी झाक असलेली. तिसरी पिवळ्या शेपटीची निळी एसी, जी बुडालेल्या ओंडक्यांवरचे शेवाळ खाते आणि कळपाने टाकीच्या वरच्या भागात फिरते. तिघीही म्बुनांमध्ये सौम्य समजल्या जातात, आणि रंगाने एकमेकींसारख्या नाहीत. हा दुसरा मुद्दा दिसण्यापुरता नाही. सारख्या रंगाच्या माशांना नर प्रतिस्पर्धी समजतात, आणि जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो. यलो लॅब आणि रेड झीब्रा यांचा संकर तर दुकानांत ‘लॅब’ म्हणूनच विकला जातो.

‘असॉर्टेड आफ्रिकन’ म्हणून मिळणारी मिश्र पिल्ले स्वस्त असतात, पण त्यांत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि हमखास एखादा ऑरॅटस निघतो. सोनेरी-काळ्या पट्ट्यांचा हा मासा लहानपणी सर्वांत देखणा आणि वाढल्यावर सर्वांत क्रूर. चार फुटी टाकीत एक नर बाकी सर्वांना कोपऱ्यात बसवतो. देशातील शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर चेन्नईच्या कोलाथूर भागात होते आणि पुण्यातील दुकानांचा माल बराचसा तिकडूनच येतो. मी मात्र शहरातच पैदास करणाऱ्या एका गृहस्थांकडून, आई-बाप मासे डोळ्यांनी पाहून, आठ लॅब, आठ रस्टी आणि सहा एसी घेतले. सर्व पिल्ले चार सेंटिमीटरच्या आसपास आहेत आणि सर्व एकाच दिवशी सोडली, म्हणजे कुणालाही आधी येऊन जागा बळकावता आली नाही. प्रवास तासाभराचाच असल्याने नळीतून थेंब थेंब टाकीचे पाणी मिसळत त्यांना सावकाश रुळवता आले. रात्रभर पिशवीत आलेल्या माशांना असे रुळवणे धोक्याचे ठरते, कारण पिशवी उघडताच साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि पिशवीतला अमोनिया विषारी होऊ लागतो.

१४ एप्रिल २०२४ : उन्हाळा

दुपारी पाणी ३०.५ अंशांवर गेले. समुद्रसपाटीला २६ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, पुण्यात उंचीमुळे दोन्ही आकडे थोडे कमी धरायचे. गंमत अशी की मलावी सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४७५ मीटर उंचीवर आहे आणि पुणे ५६० मीटरवर, त्यामुळे हवेच्या दाबाच्या बाबतीत तरी हे मासे घरच्यासारखेच आहेत.

झाकण काढून जाळी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावला. तापमान दोन अंशांनी उतरले. पाणी रोज तीन-चार लिटर आटते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई सोडा न घातलेल्या पाण्याने करायची आणि सोडा फक्त बदललेल्या पाण्यात घालायचा, असा नियम दारामागच्या कागदावर लिहून ठेवला आहे, कारण घरातील इतरांनाही कधी हे काम करावे लागेल.

५ मे २०२४ : आहार आणि भांडणे

रस्टी आणि एसी मुख्यतः दगडांवर वाढणारे शेवाळ आणि त्यातील सूक्ष्म जीव खरवडून खातात. त्यांचे आतडे लांब असते. लॅब मात्र कपारींतील लहान गोगलगायी आणि कीटकही खाते. तिघांना मिळून चालेल असे स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे मुख्य खाद्य म्हणून ठेवले आहेत, आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक. वाळवलेल्या ट्युबिफेक्स कृमींच्या वड्या प्रत्येक दुकानदार आग्रहाने देतो. त्या या टाकीत जाणार नाहीत. प्रथिनांनी जड असा आहार म्बुनांच्या पोट फुगण्याच्या रोगाला आमंत्रण देतो, आणि पोट फुगलेले दिसेपर्यंत उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते. त्याआधीची खूण म्हणजे मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो आणि त्याची विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी होते. म्हणून रोज खाद्य घालताना मोजण्यापेक्षा कोण खायला आले नाही, हेच पाहतो.

एका रस्टी नराने डावा ढीग ताब्यात घेतला असून तो इतर नरांना जवळ येऊ देत नाही. मासे कमी करणे हा येथे उपाय ठरत नाही. संख्या थोडी जास्त असली की मार एकावर न पडता वाटला जातो. त्याऐवजी डाव्या ढिगातील तीन दगड हलवून दृष्टीची सरळ रेषा तोडली. हद्दीच्या खुणा बदलल्यामुळे सर्वांनाच नव्याने सुरुवात करावी लागली आणि दोन दिवसांत फाटलेली शेपटी भरून येऊ लागली.

९ जून २०२४

वादळी पावसात वीज बराच वेळ गेली. बॅटरीवरच्या एअर पंपामुळे स्पंज फिल्टर चालू राहिले, पण कॅनिस्टर बंद होता. बंद डब्यात अडकलेल्या पाण्यातील ऑक्सिजन जिवाणू लवकर संपवतात आणि मग त्यांतले काही मरतात. वीज येताच ते कुजके पाणी थेट टाकीत जाऊ नये म्हणून आधी डबा उघडून ते ओतून दिले आणि टाकीच्याच पाण्याने स्पंज खळबळून मगच सुरू केला.

२१ जुलै २०२४ : पावसाळ्यातील नळाचे पाणी

दर रविवारी ७० लिटर पाणी बदलतो, आणि त्यात केएच ३ वरून ८ वर नेण्यासाठी साडेदहा ग्रॅम सोडा पडत आला आहे. आज नळाचे पाणी पुन्हा मोजले तर केएच २ निघाला. धरणात पावसाचे क्षारहीन पाणी आलेले असते आणि गढूळपणा बसवण्यासाठी वापरली जाणारी तुरटी किंवा तत्सम द्रव्ये स्वतः अल्कता खातात, त्यामुळे ही घट समजण्यासारखी आहे. सोड्याची मात्रा साडेबारा ग्रॅमवर नेली. क्लोरीनचा वासही उग्र असल्याने क्लोरीन काढणाऱ्या औषधाची मात्रा चाचणी करून वाढवली. गुरुवारी पाणी बंद असले की शुक्रवारी गढूळ पाणी येते. त्या दिवशी टाकीचे पाणी बदलणे पूर्ण वर्ज्य. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नळाचे पाणी दर आठवड्याला मोजायचे, बाकीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा पुरेल.

१ सप्टेंबर २०२४ : पहिली पिल्ले

ऑगस्टच्या सुरुवातीपासून एका लॅब मादीचा जबडा खाली फुगलेला दिसत होता आणि ती खाद्याकडे फिरकत नव्हती. म्बुनांच्या माद्या अंडी तोंडात उबवतात. अंडी घातल्याबरोबर मादी ती तोंडात घेते, नराच्या गुदपंखावरचे अंड्यांसारखे ठिपके टिपायला जाते आणि त्याच वेळी अंडी तोंडातच फलित होतात. पुढचे सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहते. तिसऱ्या आठवड्यात, रात्री दिवे बंद असताना, तिला पकडून त्याच पाण्याने भरलेल्या जुन्या दोन फुटी टाकीत हलवले, आणि तेथे तिने स्वतःच चौदा पिल्ले सोडली. तोंड उघडून पिल्ले जबरदस्तीने काढण्याची पद्धत रूढ असली तरी ती घाईची वाटते. मादीला लगेच मोठ्या टाकीत न नेता चार दिवस एकटी ठेवून खाऊ घातले, कारण अशक्त मादी परतली की सर्वांत आधी तिलाच मार बसतो.

पिल्लांना दाण्यांची पूड आणि आर्टेमिया या कोळंबीच्या जातकुळीतील बारीक जीवाची ताजी पिल्ले देत आहे. दोन फुटी टाकीत एकाच स्पंजवर भार असल्याने तिचा केएच मोठ्या टाकीपेक्षा लवकर उतरतो, म्हणून तेथे पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे लागेल. मोठ्या टाकीत चौदांपैकी फार तर चार पिल्लांना जागा होईल. उरलेली अडीच-तीन सेंटिमीटरची झाली की, जाती आणि आई-बापांची नोंद लिहून, ज्यांच्याकडे किमान तीन फुटी टाकी आणि केएचचा चाचणी-संच आहे अशांनाच देईन.